दुष्काळचा स्वयंपाक व त्याचा अपुरा हिशोब

घाटकोपर पूर्वेच्या वल्लभबाग गल्लीतून सायंकाळी घरी परतणे म्हणजे खमंग वासांच्या वेढ्यातून वाट काढणे होय. दुतर्फा डोशांचे तवे तापलेले असतात, त्यांवर लोण्याचे गोळे विरघळत असतात, आणि भोवती तरुण मंडळींची दाटी झालेली असते. गेल्या महिन्याच्या अखेरीस असाच घरी पोहोचलो, तो आमच्या सूनबाई जमाखर्चाची वही पुढे घेऊन चिंतेत बसलेल्या दिसल्या. नऊ माणसांचे आमचे एकत्र कुटुंब. वाणी, दूधवाला व भाजीवाला यांची देणी पाहून त्यांच्या कपाळास आठी पडली होती. मला पाहताच त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बहात्तर सालच्या गोष्टी नेहमी सांगता. त्या साली आपल्या घरी काय शिजत होते, ते एकदा व्यवस्थित लिहून द्या. पाहू या, आज त्यातले काय जमते ते."

मास्तरकीत जन्म घालविलेल्या मनुष्यास असा गृहपाठ मिळाला म्हणजे आनंदच होतो. मी लिहावयास बसलो. परंतु लिहिता लिहिता असे ध्यानात आले की, दुष्काळच्या पदार्थांची कृती सांगणे सोपे आहे. त्यांचा हिशोब सांगणे तितके सोपे नाही. तो हिशोब मी पन्नास वर्षे अपुराच मांडीत आलो होतो. कसा, ते पुढे येईलच.

प्रथम त्या सालाची हकीकत. महाराष्ट्रावर १९७० पासूनच पाऊस रुसला होता, आणि १९७२ साली तर त्याने पाठच फिरविली. मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगली इत्यादी भागांत विहिरी आटल्या व गुरे बेवारशी सुटली. सरकारने रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग व खडी फोडण्याची कामे काढली, आणि मे १९७३ च्या सुमारास त्या कामांवर सुमारे पन्नास लक्ष स्त्रीपुरुष राबत होते. मागेल त्याला काम देण्याची जी कल्पना वि. स. पागे यांनी मांडली होती व सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे जिचा आरंभीचा प्रयोग झाला होता, तिला याच आपत्तीने बळ दिले. १९७७ साली तिचा कायदा झाला. कामावरच्या मजुरांना व मुलांना सुकडी मिळे. ती चवीने गोडसर, कोरडी व पोटास आधार देणारी असे. त्या पिढीतील माणसांच्या जिभेवर ती चव अद्यापि आहे.

मुंबईत दुष्काळ विहिरीच्या तळाशी दिसत नसे. तो रेशनच्या दुकानापुढील रांगेत दिसे. साखर, तेल, घासलेट, धान्य या सर्वांचीच चणचण होती. त्याच काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी महागाईविरुद्ध हातात लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघरातील त्या साध्या आयुधाने मंत्र्यांची झोप उडविली, हे पुष्कळांस स्मरत असेल. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. पंतनगरच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसे राहत होतो. गावाकडून आलेली चुलत भावंडे त्यांतच होती. स्वयंपाकाचा मुख्य भार काकूंवर असे. काकूंचे माहेर मंगळवेढ्याचे. भुकेलेल्या रयतेसाठी बेदरच्या बादशहाची कोठारे खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा ज्या गावाची, आणि ज्याच्या काळ्या जमिनीतील ज्वारी उभ्या महाराष्ट्रात नावाजलेली, त्या गावची ही लेक. तिच्या हाती त्या वर्षी रेशनच्या पिशवीतून आली ती अमेरिकेहून बोटीने आलेली तांबडी ज्वारी, जिला सर्वजण 'मिलो' म्हणत.

मिलोची भाकरी थापणे ही मोठी परीक्षा असे. ज्वारीच्या पिठात गव्हाप्रमाणे ताण देणारे प्रथिन नसते. म्हणून पीठ जुने किंवा हलक्या प्रतीचे असले म्हणजे भाकरी हातातच फाटते. काकू पाण्याला सणसणीत उकळी आणीत, त्यात पीठ वैरून झाकण ठेवीत, आणि मग कोमट असतानाच मळून घेत. उष्णतेने पिठातील पिष्ट फुगून चिकट होते व तेच भाकरीला धरून ठेवते, हे शास्त्रीय कारण मला पुढे पुस्तकात सापडले. काकूंना ते हातांनी ठाऊक होते. मूठभर उडदाचे पीठ मिसळले म्हणजे भाकरी अधिक मऊ होई, व तिचा कसही वाढे.

या वाढलेल्या कसातच जुन्या गरिबीच्या जेवणाचे मर्म आहे. धान्यांच्या प्रथिनात लायसिन नावाचे द्रव्य कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत मेथिओनिन कमी असते, ते धान्य पुरविते. दोन्ही एकत्र आली म्हणजे एकमेकांचे उणे भरून निघते. भाकरी-पिठले, कळण्याची भाकरी, पेज-मेतकूट, खिचडी ही सर्व जोडपी याच नियमाची उदाहरणे होत. त्यांवर पालेभाजी व चिंच, लिंबू किंवा आवळा यांसारखे काही आंबट असले म्हणजे अन्नातील लोह अंगी लागण्यास साहाय्य होते. धान्य, कडधान्य, पाला व आंबट, आणि वर चमचाभर तेल: इतकी पंचाक्षरी ज्याने पाठ केली, त्याचे थोड्या पैशांत नीट निभावते.

आता सूनबाईंसाठी उतरविलेल्या कृती येथे देतो. प्रमाण सहा माणसांचे आहे.

ज्वारीच्या कण्या. तीन वाट्या ज्वारीचा जाडसर भरडा काढावा, पाखडून रात्रभर भिजत घालावा, आणि वर आलेला कोंडा पाण्याबरोबर ओतून टाकावा. दहा-बारा वाट्या पाण्यास उकळी आणून मीठ घालावे व त्यात कण्या वैरून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजू द्याव्या. बुडास लागू नयेत म्हणून मधूनमधून ढवळावे. मऊ झाल्या म्हणजे ताक व कच्चे तेल घालून खाव्या. अंबाडीची भाजी मिळाली तर तिचा आंबटपणा कण्यांशी उत्तम जमतो.

हुलग्याचे शेंगोळे. हुलगा, म्हणजे कोकणातील कुळीथ, हलक्या जमिनीत व थोड्या पावसातही येतो. म्हणून तो दुष्काळाचा जुना सोबती आहे. दोन वाट्या हुलग्याचे पीठ व अर्धी वाटी ज्वारीचे पीठ घेऊन त्यात तिखट, मीठ, हळद व जिरे घालून घट्ट मळावे. ज्यांना लसूण वर्ज्य नाही त्यांनी तोही वाटून घालावा. बोटाएवढ्या वळ्या वळून त्यांची टोके जुळवावी. सात-आठ वाट्या पाणी फोडणीस टाकून खळखळ उकळले म्हणजे एकेक वळी सोडावी, चमचाभर पीठ पाण्यात कालवून वर ओतावे, आणि वीस मिनिटे शिजवावे. यास वेगळी भाजी वा आमटी लागत नाही. एकाच पातेल्यात सर्व जेवण होते.

पेज. एक वाटी जाड उकडा तांदूळ आठ-दहा वाट्या पाण्यात मऊ शिजवावा व पाणी न काढता मीठ घालून गरम वाढावा. शेजारी मेतकूट किंवा भाजलेला पापड असावा. रात्रीच्या जेवणास ही उत्तम.

शिरांची चटणी. दोडक्याच्या शिरा आपण बहुधा टाकून देतो. त्या बारीक चिरून थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परताव्या, आणि तीळ, सुके खोबरे, मिरची व मीठ यांसह कुटाव्या. दुधी भोपळ्याच्या सालींचीही अशीच चटणी होते.

शिळ्या भाकरीचा कुस्करा. उरलेल्या भाकऱ्या चुरून ताकात अर्धा तास भिजवाव्या. मोहरी, हिंग, कढीलिंब व मिरची यांची फोडणी करून त्यात त्या परताव्या व झाकण ठेवून वाफ आणावी.

पावसाळ्याच्या आरंभी मुंबईच्या उपनगरांतील बाजारांत टाकळा व कुर्डू यांच्या जुड्या घेऊन बाया बसतात. त्यांची भाजी डाळ घालून अवश्य करावी. मात्र ओळख पटल्यावाचून रानचा पाला आणू नये. ही थट्टेची गोष्ट नव्हे.

कारण स्वस्त म्हणजे निर्धोक, असा नियम नाही. लाखेची डाळ पाण्यावाचून तगते, म्हणून पूर्वी दुष्काळात लोक तिच्यावरच निर्वाह करीत. काही महिने तीच मुख्य अन्न झाली म्हणजे पाय कायमचे लुळे पडत. १९६१ च्या सुमारास देशातील बहुतेक राज्यांत तिच्या विक्रीस बंदी आली ती यामुळेच. तसेच केवळ ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनच्या मजुरांत पेलाग्रा नावाचा त्वचेचा व बुद्धीचा विकार का होतो, याचा शोध हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास लावण्याचा यत्न केला. तात्पर्य, कोणतेही एकच अन्न, ते कितीही सात्त्विक असो, मनुष्यास पुरत नाही. दुष्काळ त्यास एकाच अन्नापाशी आणून बांधतो, हेच त्याचे खरे क्रौर्य होय.

असा तक्ता मी सूनबाईंच्या हाती दिला व शेजारी प्रत्येक पदार्थाचा खर्चही मांडला. मोठ्या समाधानाने म्हणालो, "पहा, एका वेळच्या जेवणात निम्म्याहून अधिक बचत!" त्यांनी तो शांतपणे वाचला, आणि विचारले, "बाबा, यात दोन रकमा राहिल्या. भरडा काढणे, पाखडणे, भिजविणे, अर्धा तास ढवळणे, साठ-सत्तर शेंगोळे वळणे, हे सर्व कोणी करायचे? मी सकाळी साडेसातला घर सोडते. आणि दुसरे, जो हे रांधील तो जेवील केव्हा?"

प्रश्न सौम्य होता; परंतु मला उत्तर सुचले नाही. उत्तराऐवजी दोन जुन्या गोष्टी आठवल्या.

पहिली गोष्ट १८७७ सालची. दख्खन व मद्रास इलाख्यांत घोर दुष्काळ पडला असता सर रिचर्ड टेंपल यांनी असे ठरविले की, सरकारी कामावरील पुरुष मजुरास रोज एक पौंड धान्य व वर थोडे पैसे पुरेत. एक पौंड धान्य म्हणजे सुमारे सोळाशे उष्मांक. दिवसभर खडी फोडणाऱ्यास तीन हजारांवर लागतात. मद्रासचे डॉ. कॉर्निश यांनी या वेतनावर कडाडून टीका केली; आमच्या इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले. त्याच वर्षी जोतीराव फुले व सत्यशोधक समाज यांनी धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी अन्नछत्र उघडले. टेंपलसाहेब काही मूर्ख नव्हते. त्यांचा बेरजेचा हात पक्का होता. परंतु धान्याची किंमत मांडताना मजुराचे श्रम त्यांनी त्यात धरलेच नाहीत. वर्गात हा इतिहास मी अनेक वर्षे शिकविला. स्वतःच्या घरच्या तक्त्यात तीच चूक करताना मात्र माझी लेखणी अडखळली नाही!

दुसरी गोष्ट छांदोग्य उपनिषदातील. कुरुदेशाची पिके नष्ट झाली असता उषस्ति चाक्रायण नावाचा विद्वान ब्राह्मण अन्नान्न करीत हिंडू लागला. एका गावी कोणी धनिक हलक्या प्रतीचे उडीद, ज्यांस श्रुतीत कुल्माष म्हटले आहे, खात बसला होता. उषस्तीने त्याचे उष्टे कुल्माष मागून घेतले, पण तो पाणी देऊ लागला तेव्हा ते उष्टे म्हणून नाकारले. कुल्माष खाल्ले नसते तर प्राण गेला असता; पाणी तर हवे तेथे मिळते, असे त्याचे समर्थन. प्राणसंकटात अन्नाचा विधिनिषेध कितपत पाळावा, या चर्चेत ब्रह्मसूत्रांनीही या आख्यायिकेचा आधार घेतला आहे. पाठशाळेत आम्ही यावर तासन्तास वाद केले. पण कथेचा उत्तरार्ध पहा. उरलेले कुल्माष उषस्तीने पत्नीला नेऊन दिले. तिला आधीच भिक्षा मिळाली होती, म्हणून तिने ते खाल्ले नाहीत, जपून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उषस्ति म्हणाला, थोडे अन्न मिळते तर राजाच्या यज्ञास जाऊन द्रव्य मिळविले असते. तेव्हा तिने तेच शिळे कुल्माष पुढे केले. ते खाऊन तो गेला, आणि यज्ञात त्याच्या विद्येचा जयजयकार झाला. त्या जयजयकारामागे तिने जपलेली मूठभर कडधान्ये होती, हे आमच्या वादात कधी कोणाच्या तोंडी आले नाही. माझ्याही नाही.

आणि मग तिसरी आठवण आपोआप वर आली. ती ग्रंथातली नव्हे. १९७३ च्या उन्हाळ्यातील एक रात्र. ताटात मिलोची भाकरी पाहून मी "ही गुरांची ज्वारी मी खाणार नाही" म्हणून अर्धी भाकरी तशीच टाकून उठलो. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी भाताचे दोन घास माझ्या पुढे सारले. मध्यरात्री पाणी पिण्यास उठलो, तो विझल्या स्टोव्हपाशी काकू बसलेल्या दिसल्या. माझीच उष्टी अर्धी भाकरी पाण्यात भिजवून, मिठाबरोबर त्या खात होत्या. भाताचे ते दोन घास कोणाच्या वाटणीचे होते, हे मला त्या क्षणी कळले. पण मी पाणी न पिताच परत येऊन निजलो. पुढे अनेक वर्षांनी, त्या थकल्यावर, मी एकदा धीर करून ती गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, "अरे, त्यात काय एवढे? भाकरी काय फेकून द्यायची होती?"

दुष्काळच्या दिवसांविषयी आपण मोठ्या अभिमानाने बोलतो की, त्या वेळी घरात कोणी उपाशी राहिले नाही. पुष्कळ घरांत हे वाक्य केवळ पंक्तीस बसलेल्यांपुरते खरे असते. मागाहून जेवणारीच्या पातेल्यात काय उरले होते, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

कोणी म्हणेल, मग हे जुने पदार्थ टाकूनच द्यावे काय? मुळीच नाही. संकटे काही संपलेली नाहीत. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली, तेव्हा आमच्या घरचे डबे भरलेले होते; परंतु याच घाटकोपरात रोजंदारीवर जगणाऱ्या कित्येक घरांत चूल पेटण्याची भ्रांत पडली. १९४२ साली ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, आणि मे १९४३ मध्ये मुंबईस रेशनिंग सुरू झाले. थोडे असले तरी सर्वांना मिळावे, असा त्यामागील हेतू होता. त्याच वर्षी बंगालमध्ये मात्र लक्षावधी माणसे भुकेने मेली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची विनंती केली, तीही सर्वांना. थोडक्यात, टंचाई सोसवते की नाही हे धान्याच्या राशीवर जितके अवलंबून असते, तितकेच वाटणीवर. राष्ट्राला जो न्याय, तोच घराला.

म्हणून आमच्या घरी आता असे ठरले आहे. महिन्यातून दोन रविवार हे जेवण करावयाचे. भरडा मी काढतो, हुलगे निवडतो. शेंगोळे वळण्यास नातवंडांसह सर्व पुरुष मंडळी बसतात. माझे शेंगोळे जाडे होतात व आतून कच्चे राहतात, अशी तक्रार आहे. ती खरी आहे. कण्या ढवळण्याची पाळी चिरंजीवांची. पंगत एकच, पातेले मध्ये ठेवून सर्वांनी एकाच वेळी बसावयाचे, आणि पहिले वाढणे सूनबाईंच्या ताटात. उरले तर ते दुसऱ्या दिवशी सर्वांनी वाटून खावयाचे. ते एकटीच्या वाट्यास जाऊ द्यावयाचे नाही.

खर्चात किती बचत झाली, हे वाचकांनी विचारले तर सांगतो: मी मांडली होती तितकी नाही. चांगली ज्वारी आज पुष्कळदा गव्हापेक्षाही महाग पडते. दुष्काळचे धान्य आता श्रीमंतांच्या पथ्याचे झाले आहे. तरी हुलगे, पेज, पालेभाजी व सालींच्या चटण्या यांनी वाण्याचे बिल काही अंशी उतरले. वहीत सूनबाईंनी दोन नवे रकाने आखले आहेत: एक 'श्रम कोणाचे', आणि दुसरा 'शेवटी कोण जेवले'. दुसरा रकाना अद्यापि कोरा आहे. तो तसाच राहावा, यासाठी दर रविवारी मी हुलगे जरा लवकरच निवडावयास घेतो.